घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार बनवता येते का? येते, पण खरा खेळ मिलिमीटरचा आहे

ऑगस्ट १९६३. लंडनजवळच्या फेल्टममध्ये राहणाऱ्या सोळा वर्षांच्या एका मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. फेंडर, गिब्सन या अमेरिकन कंपन्यांच्या गिटारी दुकानाच्या काचेआड दिसायच्या, पण घरच्यांना परवडणाऱ्या नव्हत्या. वडील हॅरल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. शेवटी बापलेकांनी ठरवलं, विकत घ्यायची नाही, बनवायची.

गिटारच्या मानेसाठी, म्हणजे नेकसाठी, लाकूड मिळालं ते एका जुन्या फायरप्लेसच्या महोगनी चौकटीतून. लाकूड इतकं जुनं की त्याला किड्यांनी भोकं पाडली होती. ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीसाठी जुन्या टेबलाचं ओक कामी आलं. नेकवरच्या पांढऱ्या खुणा म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. सूर थरथरवण्यासाठी जो दांडा असतो, त्याच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या, दांडा सायकलच्या सीटमागे बॅग अडकवायच्या सळईचा आणि त्याचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं. सुमारे दोन वर्षं हे काम चाललं. खर्च आला साधारण आठ पौंड.

तो मुलगा म्हणजे ब्रायन मे. पुढे ज्या 'क्वीन' बँडमध्ये तो वाजवत राहिला, त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. आणि ती घरची गिटार म्हणजे 'रेड स्पेशल'. २००२ मध्ये राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात ब्रायन मे बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवर उभा राहून वाजवत होता, तेव्हा त्याच्या गळ्यात हीच गिटार होती.

गिटार बनवायचं मनात आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट कुणी ना कुणी सांगतंच. ती ऐकून वाटतं, जुनं टेबल आणि जिद्द असली की झालं. पण त्या गिटारीत काय काय भंगारातलं होतं हे सगळे सांगतात, काय काय काटेकोर मोजलेलं होतं हे फारसं कुणी सांगत नाही. पहिली गिटार बनवणाऱ्याचं काम नेमकं तिथेच अडतं. म्हणून इलेक्ट्रिक गिटारीत कुठे चालढकल चालते आणि कुठे अजिबात चालत नाही, हे आधी समजून घेऊ.

इलेक्ट्रिकच का? अकूस्टिक का नाही?

अकूस्टिक गिटारीचा आवाज तिच्या पोकळ पेटीतून येतो. पेटीची वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते. ती पातळ ठेवली तरच नीट कंप पावते, आणि तारांच्या ताणाने ती फाटताही कामा नये. हा तोल सांभाळायला कारागिराची वर्षं जातात. नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इलेक्ट्रिक गिटारीत पेटीच नाही. बॉडी म्हणजे एक भरीव फळी. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल याने १९४० च्या सुमारास हे अगदी उघडं करून दाखवलं. त्याने चार इंच बाय चार इंचाचा पाइन लाकडाचा ठोकळा घेतला, त्याला नेक, तारा आणि पिकअप जोडले. गिटार वाजली. मग ती गिटारीसारखी दिसावी म्हणून एका साध्या गिटारीचे दोन अर्धे भाग त्या ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी चिकटवले. त्या वाद्याचं नावच 'द लॉग', म्हणजे ओंडका.

आवाज उचलायचं काम करतो तो पिकअप. लोहचुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, साध्या पिकअपमध्ये सात-आठ हजारांच्या आसपास. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज तयार होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये जे तत्त्व मांडलं, तेच हे. अँप्लिफायर ती वीज मोठी करतो. म्हणूनच इलेक्ट्रिक गिटारीला नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअपला काहीच 'ऐकू' येत नाही.

नवशिक्याच्या दृष्टीने आणखी मोठी सोय केली ती लिओ फेंडर याने. हा माणूस मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, आणि गंमत म्हणजे त्याला गिटार वाजवता येत नव्हती. त्याचं डोकं दुरुस्तीच्या अंगाने चालायचं. १९५० मध्ये बाजारात आणलेल्या गिटारीत त्याने नेक आणि बॉडी वेगवेगळ्या बनवल्या आणि चार स्क्रूंनी एकमेकींना जोडल्या. नेक बिघडली? स्क्रू काढा, दुसरी लावा. घरी बनवणाऱ्याला याचा अर्थ असा, की एका भागात चूक झाली तरी सगळी गिटार वाया जात नाही.

एक आकडा, ज्यावर सगळं उभं आहे

हा आकडा म्हणजे स्केल लेंग्थ, तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी. ही लांबी नेकच्या टोकाला असलेल्या नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंत मोजतात. फेंडर पद्धतीच्या गिटारीत ती साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर असते. रेड स्पेशलची २४ इंच आहे. तुम्ही कुठलीही निवडा, पण एकदा निवडली की फ्रेटच्या सगळ्या जागा तिच्यावरून ठरतात.

फ्रेट म्हणजे सतारीच्या भाषेत पडदे. फरक एवढाच की मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, वाजवणारा ते सरकवून सूर जुळवून घेतो. गिटारीचे फ्रेट लाकडात ठोकलेले. चुकले की चुकले.

त्यांच्या जागांचं गणित मात्र सोपं आहे. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं. ६४८ भागिले १७.८१७ म्हणजे साधारण ३६.४ मिलिमीटर. नटपासून इतक्या अंतरावर पहिला फ्रेट. आता ६४८ मधून ३६.४ वजा करा, उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागा, दुसरा फ्रेट मिळाला. असं करत गेलात की बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर येतो. तिथे तार निम्मी होते आणि सूर एक सप्तक वर जातो. बारावा फ्रेट मध्यावर आला नाही, तर गणितात कुठेतरी चूक आहे असं समजा.

खरा धोका मोजण्याच्या पद्धतीत आहे. समजा, तुम्ही पहिला फ्रेट आखला, मग त्याच्यापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असं करत गेलात आणि प्रत्येक वेळी पट्टी फक्त अर्धा मिलिमीटर एकाच बाजूला सरकली. बाविसाव्या फ्रेटपर्यंत ही चूक ११ मिलिमीटर होते. आणि एकविसाव्या-बाविसाव्या फ्रेटमधलं मूळ अंतर आहे १०.८ मिलिमीटर. म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने तुम्ही अख्खा एक फ्रेट चुकलात! म्हणून सगळी अंतरं आधी कागदावर काढायची, त्यांची बेरीज करत न्यायची आणि प्रत्येक फ्रेट नटपासूनच मोजायचा. पोलादी पट्टी एकदा टेपने चिकटवून टाकायची आणि शेवटचा फ्रेट आखून होईपर्यंत हलवायची नाही.

नुसता एक मिलिमीटर चुकला तर काय होतं? बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण विसावा भाग. बाविसाव्यावर तोच एक मिलिमीटर जवळपास दहावा भाग होतो. एकटी तार वाजवली तर कदाचित कळणार नाही. पण दोन-तीन तारा एकत्र छेडल्या की काहीतरी बोचतं, आणि कितीही ट्यून केलं तरी ते जात नाही.

फ्रेटची खाच कापायलाही वेगळी करवत लागते. फ्रेटचा लाकडात बसणारा भाग जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. घरातल्या हॅकसॉने कापलं की खाच रुंद पडते आणि फ्रेट सैल बसतो.

मग नेक विकत घ्यायची का?

पहिल्या गिटारीला, हो. हे ऐकून काहींना फसवणूक वाटेल, पण नेक हा इलेक्ट्रिक गिटारीचा सगळ्यात अवघड भाग आहे. मध्यम जाडीच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकूण ताण ४५ किलोच्या पुढे जातो. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं, म्हणजे जवळपास एक पोतं त्या बारीक लाकडाला दिवसरात्र ओढत असतं. लाकूड वाकू नये म्हणून नेकच्या पोटात लोखंडी सळई बसवतात, तिला ट्रस रॉड म्हणतात. तिची खाच, वर फ्रेटची पट्टी, मागची गोलाई, फ्रेटची समान उंची, हे सगळं पहिल्याच प्रयत्नात जमणं कठीण आहे.

खुद्द ब्रायन मेनेसुद्धा काही गोष्टी विकत घेतल्या, हेही सांगायला हवं. पिकअप त्याने आधी घरी बनवले होते. पण तार बोटाने आडवी खेचली की त्यातून नको तसा आवाज यायचा. शेवटी त्याने बर्न्स कंपनीचे तीन पिकअप आणले. घरच्या गिटारींमधल्या सगळ्यात प्रसिद्ध गिटारीचे पिकअप दुकानातले आहेत!

तर पहिल्या वेळी तयार नेक आणि तयार पिकअप घ्या, बॉडी स्वतः बनवा. बॉडीचाही आत्मविश्वास नसेल तर सगळे भाग कापून आलेली किट मिळते. तीत काम उरतं ते घासणं, रंगवणं, जोडणं आणि सुरात आणणं. किट म्हणजे खेळणं, असं कुणी म्हणालं तर दुर्लक्ष करा. सुरात आणणं हे अर्धं काम आहे, आणि ते किटमध्येही तितकंच कठीण असतं.

पैशांचंही बोलून घेऊ. घरी बनवली की स्वस्त पडते, हा समज आज खरा नाही. १९६३ मध्ये कारखान्याची गिटार महाग होती आणि हॅरल्ड मे यांच्याकडे हात आणि हत्यारं दोन्ही होती. आज सुरुवातीच्या दर्जाची कारखान्यातली गिटार इतकी स्वस्त आहे, की नेक, पिकअप, ब्रिज, खुंट्या आणि लागणारी हत्यारं यांच्या बेरजेत ती आरामात बसेल. पैसे वाचवायचे असतील तर विकत घ्या. ती आतून कशी चालते हे कळून घ्यायचं असेल तर बनवा.

लाकूड कुठलं? यावर भांडणं होतात

गिटारवाल्यांच्या जगात लाकडावरून होणारे वाद कधी संपत नाहीत. अल्डर की अ‍ॅश, महोगनी की मेपल. भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटारीत लाकडाचा आवाजावर किती परिणाम होतो, यावर लोक हिरिरीने बोलतात. पण १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने लाकडाच्या चौकटीवर चक्क हार्डबोर्ड ठोकून गिटारी विकल्या. लेड झेपलिनचा जिमी पेज तसली गिटार घेऊन स्टेजवर वाजवायचा. पहिल्या गिटारीसाठी हा वाद बाजूला ठेवा.

बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. लाकूड पुरतं वाळलेलं हवं, सरळ हवं आणि गळ्यात अडकवून तासभर उभं राहता येईल इतकं हलकं हवं. बॉडीची जाडी साधारण ४५ मिलिमीटर असते. एवढी रुंद फळी एकसंध मिळणं कठीण, म्हणून दोन-तीन फळ्या बाजूला बाजू लावून चिकटवतात. कारखानेही तेच करतात.

आपल्याकडे वखारीत गेलात की पहिल्यांदा सागवान दाखवतील. ते टिकाऊ आहे, पण बऱ्यापैकी जड आहे आणि तेलकट. चिकटवायच्या आधी सांध्याची बाजू ताजी घासून अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावी लागते, नाहीतर सांधा सुटू शकतो. सतारीसाठी वापरतात ते तूनाचं लाकूड मिळालं तर उत्तम. हे झाड महोगनीच्याच कुळातलं आहे. जुन्या घराची चौकट किंवा मोडलेलं टेबल असेल तर सगळ्यात छान, कारण ते कित्येक पावसाळे पाहून स्थिरावलेलं असतं. फक्त करवत लावण्याआधी आतले खिळे शोधून काढा.

शिसवीचं नावही तुमच्या कानावर येईल. भारतातलं शिसव जगभरच्या गिटारींच्या फ्रेटच्या पट्टीला वापरतात. २०१७ पासून या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. घासताना तिच्या भुशाने अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. मास्क तर कुठल्याही लाकडाला हवाच, शिसवीला चांगला हवा.

बॉडीवर काम करताना

बाहेरचा आकार तुमचा. तारेच्या वाटेत येत नाही तोवर तिथे वाट्टेल ते करा. मिलिमीटर पुन्हा मोजायला लागायचे ते नेक बसते त्या खाचेपाशी आणि ब्रिजपाशी.

नेकची खाच घट्ट हवी. नेक हाताने दाबून बसावी आणि स्क्रू न लावता बॉडी उचलली तरी लगेच गळून पडू नये, इतकी. नेक एक अंशाने तिरकी बसली तर खाचेपासून वीस सेंटीमीटरवर असलेल्या ब्रिजपाशी हा तिरकेपणा साडेतीन मिलिमीटर होतो. मग कडेची तार नेकच्या काठावर येते आणि बोट टेकवलं की बाहेर घसरते.

यावर जुना सुतारी उपाय आहे. ब्रिज सगळ्यात शेवटी बसवायचा. आधी नेक पक्की करा. नटच्या दोन्ही कडेच्या खाचांमधून दोरा घेऊन ब्रिजच्या जागेपर्यंत ताणा. दोन्ही दोरे नेकच्या काठांपासून सारख्या अंतरावर आले की ब्रिजची मधली जागा मिळाली. लांबीसाठी नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली पुढे-मागे सरकणारा छोटा तुकडा असतो, त्याला सॅडल म्हणतात. सगळ्यात बारीक तारेचा सॅडल जवळपास पूर्ण पुढे ठेवून तो या दुप्पट अंतरावर आणायचा. जाड तारांना दोन-तीन मिलिमीटर जास्त लांबी लागते, त्यांचे सॅडल मागे सरकवायला अशी जागा उरते. हे जुळल्यावरच ड्रिल हातात घ्या.

पिकअपचे खड्डे आणि नेकची खाच बहुतेक जण राऊटरने करतात. हे मशीन हलक्यात घेऊ नका. एका फेरीत दोन-तीन मिलिमीटरच खोल जायचं, काम टेबलाला क्लॅम्पने घट्ट आवळायचं, डोळ्यांवर चष्मा हवा. राऊटर नसेल तर ड्रिलने जवळजवळ भोकं पाडून पटाशीने खड्डा साफ करता येतो. वेळ लागतो, पण नवशिक्याच्या हातात पटाशी जास्त शहाणी ठरते. शेजारच्या सुताराला विचारलंत तर तोही तासाभरात करून देईल.

पॉलिशला लाखेचं पॉलिश पुरेसं आहे. लाख आणि स्पिरिट हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि कापडाच्या बोळ्याने लावता येतात. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस पेटलेला नसेल हे बघा.

वायरिंग सोपं, पण अर्थिंग तपासा

पिकअप, आवाजाचं बटण, टोनचं बटण, एक कपॅसिटर, वायर लावायचा जॅक. साध्या गिटारीत एवढंच. बॅटरी नसते, वीज नगण्य असते, त्यामुळे गिटार उघडी असताना शॉक बसायची भीती नाही. एका संध्याकाळी सोल्डरिंग होऊन जातं. साध्या पिकअपला २५० किलोओहमचं बटण लावायची पद्धत आहे, दुहेरी वेढ्यांच्या हंबकरला ५०० चं. हंबकर म्हणजे घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर कापणारा पिकअप. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर याने १९५५ मध्ये तो तयार केला. साधे पिकअप घेतले असतील तर आतल्या खड्ड्यांना तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडा, घरघर बरीच कमी होते.

एक वायर मात्र लोक विसरतात. ब्रिजपासून ग्राउंडपर्यंत जाणारी. तिच्यामुळे तुम्ही तारांना हात लावला की घरघर थांबते. पण त्याच वायरमुळे तुमच्या तारा थेट अँप्लिफायरच्या अर्थिंगला जोडल्या जातात. अँप्लिफायरमध्ये बिघाड असेल आणि घराचं अर्थिंग नसेल, तर मेन लाइनची वीज तारांवर उतरू शकते. ही भीती पुस्तकी नाही. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारवादक लेस हार्वे स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श होऊन शॉकने गेला. आपल्याकडे जुन्या इमारतींमध्ये तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक कित्येकदा नावालाच असतं. गिटार बनवायला घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या. आणि व्हॉल्व्हचा अँप्लिफायर असेल तर तो उघडायला जाऊ नका, बंद केल्यावरही त्याच्या आत जीव घेण्याइतकी वीज साठून राहू शकते.

तारा चढवल्या, आणि वाईट वाजतेय

वाजणारच. इथे अनेकांची गिटार भिंतीवर जाऊन लटकते. तारा फ्रेटला घासून झणझणतात, किंवा इतक्या उंच असतात की बोटं दुखतात. आता उरलंय ते काम ठरावीक क्रमानेच करायचं, कारण प्रत्येक पायरी पुढचीला हलवते.

पहिल्यांदा नेक. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली की मधल्या फ्रेटपाशी तिच्याखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल इतकी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड थोडा आवळा, नसेलच तर सैल करा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग नटच्या खाचा, मग ब्रिजवर तारांची उंची. एकाच फ्रेटवर झणझण राहिली तर तो शेजाऱ्यांपेक्षा उंच आहे. तीन फ्रेटवर सरळ पट्टी ठेवून बघा, डुलली की मधला फ्रेट सापडला. आधी तो हलकेच ठोकून बघा आणि मगच कानस लावा.

सगळ्यात शेवटी सॅडल. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून घंटीसारखा सूर काढा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही सूर ट्यूनरवर एकच दिसले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. सहाही तारांना हे करायला पहिल्या वेळी अख्खी दुपार जाते.

मोसम बदलला की नेक पुन्हा थोडी हलते. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जूनच्या शेवटी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ती व्हिजिटिंग कार्डची फट तपासा.